बाण

गावातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या.
दवाखाना, सायकल मार्ट, शेव-मुरमुरे,
आणि स्टेशन रोडचं सरकारमान्य देशी दुकान :
हिरव्यावर पिवळी अक्षरं, ‘दे’ची मात्रा जरा लांबवलेली,
कोपऱ्यात बारीक सही, लोटन आर्ट.
त्या पाटीची मजुरी मी
त्याच पाटीखाली उभा राहून संपवली.

आज शोधतोय तो पत्ता
बिनपाटीचा.

कंपाउंडरनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
मागे लिहून दिलं होतं :
पैलाड. पिठाची गिरणी. नगरपालिकेची शाळा.
गुरुवार, सात.
आणि एक नंबर, ज्यातला शेवटचा आकडा
एक आहे की नऊ, कळत नाही.
असा काढतात का नऊ? पोट कुठंय त्याचं?
तीन आठवडे तो पुठ्ठा खिशात घामानं भिजला,
एकदा शर्टाबरोबर धुतलाही गेला.
यमुनानं वाळवून परत खिशात ठेवला,
काही न बोलता.

अमळनेरचा पूल ओलांडला. बोरीत पाणी नाही,
डुकरं, आणि पोरांचं क्रिकेट.
हिलाल भेटला, सायकलवर, एक पाय कठड्याला टेकून :
“कथा चालना रे भो?”
काय सांगू. म्हटलं, शाळेत.
“कितवीमा शे?”
आणि हसत गेला, घंटी वाजवत.

गिरणीपाशी विचारायचं, तर काय म्हणून विचारायचं?
भुवयांवर पीठ बसलेली बाई
माझ्या तोंडाकडं नाही, हातांकडं पाहत राहिली.
“गुरुवारवाला ना? मांगेथीन जा.”
एवढंच. जणू मी
दळणाचा डबा विसरून गेलो होतो.

मागच्या भिंतीवर खडूचा एक बाण.
इतका वाकडा बाण मी जन्मात पाहिला नव्हता,
कटलेल्या पतंगाचा मांजा पडावा तसा.
दहा मिनिटं त्याच्यासमोर उभा.
आधी खडू आणावा, हा नीट करावा, मग आत जावं,
असं काहीबाही ठरवत.
घशात ती जुनी कोरड.
तिच्यासाठी इथून उजवीकडं अडीचशे पावलं लागतात,
मोजलेली आहेत.

आत दुसरीचा वर्ग.
बाक एवढेसे, की गुडघे छातीशी येतात,
आणि सात मोठी माणसं तशीच बसलेली,
वर भिंतीवर अ अननसाचा.
एक रिटायर नर्स, कोकिळाताई, साडीला कडक इस्त्री.
ही पण?
ही पण.
मिसरूड न फुटलेला एक पोरगा म्हणाला, सोळा दिवस.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माना हलल्या,
पैसे मोजून घेतल्यावर हलतात तशा.

माझी पाळी.
म्हटलं, लोटन.
पुढचं वाक्य सगळ्यांनी म्हटलं होतं, तेच म्हणायचं होतं.
नाही आलं.
धुडकूआप्पा म्हणाले, “बठ. आज नही पिधी ना?
बस. सकायनं सकाय दखसूत.”

पण पिली होती.
पहाटे, चहाच्या आधी, झाकणभर,
हात थांबावा म्हणून,
हा पुठ्ठा धरून वाचता यावा म्हणून.
तेही सांगून टाकलं.
कुणी उठून गेलं नाही.
पोरग्यानं चहाचा ग्लास माझ्याकडं सरकवला,
अर्धाच भरलेला. त्याला कळत होतं,
पूर्ण भरला तर सांडेल.

उठताना कोकिळाताईंनी खडू पुढं केला :
पुढची तारीख तूच लिही, पेंटर ना तू?
लिहिली.
‘गु’चा उकार तीनदा घसरला,
शिरोरेघ फळा सोडून चौकटीवर चढली.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
कोपऱ्यात सही केली नाही.

घरी यमुनानं शर्ट मागितला.
पुठ्ठा काढून घेऊ का, म्हणाली.
म्हटलं, घे.
आणि तो शेवटचा आकडा नऊ आहे.
विचारून आलो.